रेनॉ १.५ डीसीआयचं टायमिंग बेल्ट किट: जुनी डस्टर किंवा टेरानो घेतलेल्यांसाठी परीक्षण

डिझेल डस्टर जुलै २०१२ मध्ये आली आणि एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताना रेनॉने भारतात डिझेल बंद केलं. त्यामुळे आज विक्रीला येणाऱ्या सगळ्यात नव्या डिझेल डस्टरचाही मूळ टायमिंग बेल्ट (क्रँक म्हणजे पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा आणि व्हॉल्व उघडणारा कॅमशाफ्ट, या दोघांना एका तालात फिरवणारा दातेरी पट्टा), बदलला नसेल तर, वयाने संपलेला आहे. किलोमीटर किती झाले हा प्रश्न नंतरचा. हेच १.५ डीसीआय इंजिन, कंपनीच्या भाषेत के-नाइन-के, निसानच्या टेरानो, सनी, मायक्रा आणि किक्समध्ये, रेनॉच्या पल्स, स्काला, लॉजी आणि कॅप्चरमध्ये, शिवाय महिंद्राच्या लोगन-व्हेरिटोच्या डिझेलमध्येही आहे. त्यामुळे खाली लिहिलेलं या सगळ्यांना लागू पडतं. फरक फक्त बाजूचे भाग काढण्यात आणि टेन्शनरच्या (पट्टा ताणून धरणाऱ्या रोलरच्या) आवृत्तीत येतो.

निकाल आधीच सांगतो. गाडीचा इतिहास माहीत नसेल तर वॉटर पंपासह येणारं किट घ्या, कारण पंपही याच पट्ट्यावर फिरतो. गेट्स, कॉन्टिनेंटल आणि आयएनए या तिघांपैकी कुठलंही चालेल. नुसता पट्टा घेऊन जुन्या रोलरवर चढवण्यात अर्थ नाही, आणि पंप नसलेलं किट घ्यायचं तर पंप वेगळा घ्यावा लागेल हे धरूनच हिशेब करा. डबा चांगला असला तरी काम बिघडवणाऱ्या गोष्टी डब्याबाहेर आहेत, म्हणून या परीक्षणात निम्मी जागा त्यांनाच दिली आहे.

विकणारा म्हणतो, "बेल्ट बदललाय"

बिल दाखवा म्हणा. बिलात पार्ट नंबर, तारीख आणि किलोमीटर हवेत. "टायमिंग काम, लेबर" एवढंच लिहिलेली चिठ्ठी कामाची नाही. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चेसिस नंबर दिला की तिथे झालेल्या कामांची नोंद बघता येते. गाडीने वॉरंटी संपल्यावर बाहेरच्या गॅरेजचा रस्ता धरला असेल तर ही नोंद तिथेच थांबते. त्यातल्या शेवटच्या नोंदीचे किलोमीटर आणि आत्ताच्या मीटरवरचे किलोमीटर मात्र नक्की ताडून पाहा. मीटर मागे घेतलेला असेल तर तो बऱ्याचदा इथेच पकडला जातो.

बॉनेट उघडून वरचं प्लास्टिकचं कव्हर सैल करून पट्टा डोळ्यांनी पाहणं हा दुसरा नेहमीचा उपाय. त्यातून दोन गोष्टी कळतात. पट्ट्याच्या पाठीवर कुठल्या कंपनीचं नाव छापलंय हे दिसतं. आणि तेल किंवा डिझेल लागलंय का हे कळतं. पट्ट्याची तब्येत मात्र यातून कळत नाही. जुन्या रबराला भेगा पडायच्या आणि त्या बघून अंदाज यायचा. आजचे पट्टे एचएनबीआर जातीच्या रबराचे असतात. आतल्या काचतंतूच्या दोऱ्या थकल्या किंवा दातांवरचं कापड झिजलं तरी पाठ गुळगुळीत आणि काळीभोर राहते. "बघितला, एकदम नवा दिसतो" हे वाक्य म्हणूनच निरुपयोगी आहे.

जास्त बोलतात ते बोल्ट. उजव्या बाजूच्या इंजिन माउंटचे, म्हणजे गॅरेजच्या भाषेत फाउंडेशनचे, बोल्ट बघा. हे माउंट काढल्याशिवाय पट्टा निघत नाही. बोल्टच्या डोक्यांवर पान्याचा एकही ओरखडा नसेल आणि कडेला वर्षानुवर्षांचा मातीचा थर अखंड असेल, तर पट्टा बदलल्याचा दावा खोटा धरा. ओरखडे असतील तर माउंट कधीतरी निघालं होतं एवढंच सिद्ध होतं. तेव्हा नुसतं माउंटच बदललं असण्याची शक्यताही तेवढीच.

पुरावा नाही म्हणजे पट्टा बदललेला नाही, असं समजून चालायचं. के-नाइन-के हे आठ व्हॉल्वचं, एकाच कॅमशाफ्टचं इंजिन आहे आणि त्यात पिस्टन आणि व्हॉल्व एकाच जागेत आळीपाळीने येतात. पट्टा तुटला किंवा काही दात सरकला की व्हॉल्व वाकतात. मग हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवणं, व्हॉल्व, गाइड, हेड गास्केट, हेड बोल्ट, आणि नशीब वाईट असेल तर पिस्टनही. तो खर्च किटच्या कित्येक पट होतो, आणि जुन्या गाडीच्या बाजारभावाशी ताडला तर अनेकदा परवडतही नाही.

डब्यात काय येतं

या इंजिनाचा पट्टा १२३ दातांचा आणि २७ मिमी रुंदीचा. डबा कुणाचाही असो, दुकानाच्या काउंटरवरच पाठीवरची छपाई वाचून हे जुळवा. गेट्सचं किट के०१५५७८एक्सएस, कॉन्टिनेंटलचं सीटी१०३५के१, आयएनएचं ५३० ०१९७ १०. तिन्हींत पट्टा आणि स्वयंचलित टेन्शनर रोलर येतो. या इंजिनात वेगळा आयडलर रोलर नाही, त्यामुळे "एक रोलर कमी आहे" म्हणून दुकानदाराशी भांडायला जाऊ नका. पंपासह किटचा नंबर वेगळा असतो. तो इंजिनच्या उपक्रमांकावरून काढून घ्यावा. ब्लॉकवरच्या पट्टीवर के-नाइन-के नंतर तीन आकडे असतात, त्यांचा फोटो दुकानात दाखवा. गाडीचं नाव आणि वर्ष एवढ्यावर ऑर्डर दिली तर टेन्शनरची वेगळी आवृत्ती हातात पडू शकते.

तिघांत फरक आहे तो मूळ धंद्याचा. गेट्स आणि कॉन्टिनेंटल मुळात रबर आणि पट्ट्यांतले, तर आयएनए हा शेफलरचा ब्रँड, म्हणजे बेअरिंगवाले. पट्ट्याच्या बाबतीत पहिल्या दोघांत निवड करण्यासारखं काही नाही. जो खात्रीच्या दुकानात मिळतो तो घ्या. टेन्शनर हातात घेऊन फिरवला की चांगल्या रोलरला थोडा जड, ग्रीसने भरलेला फेर जाणवतो आणि बोटाने ढकलला तर तो दोन-चार फेरे सहज घेत नाही. सायकलच्या चाकासारखा भिरभिरणारा रोलर परत करा, त्यात ग्रीस कमी आहे किंवा माल नकली आहे.

नकली माल हा जुन्या गाड्यांच्या पार्टमधला खरा धोका. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड, दोन्हीकडे चांगली दुकानंही आहेत आणि दुसऱ्या डब्यात भरलेला मालही. पट्ट्यावरची छपाई ओल्या अंगठ्याने घासून पाहा, ती पुसली जाता कामा नये. दातांवरचं कापड एकसारखं आणि कडा स्वच्छ कापलेल्या हव्यात, कडेतून धागे निघालेले नकोत. डब्यावरचा नंबर आणि पट्ट्यावरचा नंबर एकमेकांशी जुळतो का बघा. क्यूआर कोड किंवा होलोग्राम असेल तर दुकानातच तपासा. पट्टा डब्यात मोकळ्या वेटोळ्यात असायला हवा. घडी घालून, रबरबँडने आवळून ठेवलेला पट्टा परत द्या. आतल्या काचतंतूंना एकदा तीव्र वळण बसलं की ते तिथेच कमजोर होतात, बाहेरून काही दिसत नाही. गॅरेजमध्येही हाच नियम. पट्टा उलटा वळवू नका, पिळू नका, खिळ्यावर अडकवू नका.

डब्यात काय येत नाही

इथे बहुतेक जण चुकतात, कारण काम सुरू झाल्यावर माणूस दुकानात पळतो आणि मिळेल ते घेऊन येतो.

क्रँक पुलीचा बोल्ट. हा अंशाच्या हिशेबाने ताणून आवळला जातो, म्हणून नवा लागतो. काही आवृत्त्यांत एम-१२, काहींत एम-१४. जुन्याचं माप घेऊनच नवा आणा.

बाहेरचा पट्टा, म्हणजे अल्टरनेटर आणि एसीचा रिब्ड बेल्ट, त्याच्या टेन्शनरसकट. हा मुद्दा या इंजिनात वाटतो त्यापेक्षा फार महत्त्वाचा आहे. रिब्ड बेल्टच्या कडा उसवल्या की त्याचे धागे क्रँक पुलीमागच्या फटीतून खालच्या कव्हरमध्ये ओढले जातात. तिथे ते टायमिंग बेल्ट आणि क्रँकच्या दात्याच्या मध्ये सापडतात आणि पट्टा दात सोडतो. नव्याकोऱ्या टायमिंग बेल्टवर इंजिन गेल्याची उदाहरणं याच कारणाने होतात. जुना रिब्ड बेल्ट "अजून चालेल" म्हणून परत चढवणं ही या कामातली सगळ्यात महागडी काटकसर. एसी असलेल्या आणि नसलेल्या गाड्यांचा पट्टा वेगळा असतो. जुन्याच्या पाठीवरचा नंबर पुसट झाला असेल तर रिब मोजा आणि अल्टरनेटरचा प्रकार सांगून घ्या. खालच्या कव्हरला तडा असेल किंवा त्याचे बोल्ट गायब असतील, आणि जुन्या गाडीत ते बऱ्याचदा असतातच, तर कव्हरही नवं घ्या.

कूलंट. पंप काढला की कूलंट जातंच. रेनॉचा टाइप-डी किंवा त्याच दर्जाचा वापरा. आधी आत काय भरलंय हे माहीत नसताना वरून टाकू नका. पूर्ण रिकामं करून, साध्या पाण्याने धुऊन, मग नवं भरा. रेडिएटरमधून गंजाचं तपकिरी पाणी आलं तर मागच्या मालकाने नळाचं पाणी घातलं होतं असं समजा. अशा गाडीत पंपाच्या पात्यांची आणि सीलची अवस्था सहसा वाईटच निघते.

कॅमशाफ्ट आणि क्रँकचं पुढचं ऑइल सील. पट्टा काढल्यावर सीलखाली तेलाचा ओघळ दिसला तर सील त्याच वेळी बदला. तेलाने भिजलेला नवा पट्टा काही महिन्यांत फुगतो आणि दात सोडतो. सील कोरडी असतील तर हात लावू नका. उगाच उचकटताना शाफ्टला ओरखडा आला की नवं सीलही गळतं.

लॉकिंग टूल: स्वस्त संच चालतो का

चालतो, एका अटीवर. या इंजिनाला दोन पिना लागतात. कॅमच्या दात्याच्या चाकातल्या भोकातून हेडमध्ये जाणारी ८ मिमीची पिन, आणि ब्लॉकमधला प्लग काढून तिथे आट्यांवर बसणारी क्रँकची पिन. रेनॉच्या क्रमांकांत त्या मॉट-१४३० आणि मॉट-१४८९. ऑनलाइन मिळणाऱ्या "रेनॉ सर्व इंजिन" संचात दिसायला सारख्या पण लांबीला वेगळ्या क्रँक पिना असतात, कारण त्या दुसऱ्या इंजिनांच्या आहेत. चुकीच्या लांबीची पिन बसते, क्रँक तिला टेकतोही, पण टॉप डेड सेंटरच्या (पिस्टन सगळ्यात वर असतानाच्या जागेच्या) थोडा अलीकडे किंवा पलीकडे. म्हणून संचात १४८९ हा क्रमांक पिनेवर कोरलेला असेल तरच घ्या. कॅमच्या पिनेत फारसं चुकण्यासारखं काही नाही, ८ मिमी ड्रिलची मागची दांडीही अडचणीला चालून जाते.

टॉर्क रेंच मात्र हवाच, आणि कोन मोजायची तबकडी. ज्या गॅरेजमध्ये हे नाही तिथे हे काम देऊ नका, मिस्त्री कितीही नावाजलेला असला तरी.

काम नीट झालं की नाही हे कसं ओळखायचं

सरावलेल्या हाताला पंपासकट चार-पाच तास लागतात. बॅटरी सोडून, उजवं पुढचं चाक आणि आतलं लायनर काढायचं, इंजिनच्या सम्पखाली (खालच्या तेलाच्या टाकीखाली) लाकडाचा ठोकळा ठेवून जॅक लावायचा, मग माउंट. ठोकळ्याशिवाय जॅक लावला तर सम्प चेपतो.

क्रँक बोल्ट सैल करताना क्रँक पिनेचा आधार कधीही घ्यायचा नाही. ती पिन जागा दाखवण्यासाठी आहे, ताण घेण्यासाठी नाही. ती वाकते किंवा ब्लॉकमध्ये तुटते. वरच्या गिअरमध्ये टाकून कुणाला तरी ब्रेक दाबायला बसवा किंवा फ्लायव्हील अडवायचं योग्य साधन वापरा. इंजिन नेहमी त्याच्या चालीच्या दिशेनेच, म्हणजे पट्ट्याच्या बाजूने पाहताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरवायचं.

दोन्ही पिना बसल्या की हाय प्रेशर पंपाच्या (दाबाने डिझेल पुरवणाऱ्या) चाकावरची खूण बघा. कॉमन रेल इंजिनात इंजेक्शनची वेळ संगणक ठरवतो, म्हणून बरेच मिस्त्री "पंप कुठेही बसला तरी चालतं" म्हणतात. गाडी चालते हे खरं. पण पंपाच्या धक्क्यांची लय कॅमच्या लयीशी जुळवून चाकं आखलेली असतात आणि ती बिघडली की पट्ट्यावरचा ताण वाढतो. रेनॉने खूण दिली आहे, ती जुळवायला दोन मिनिटं लागतात. नव्या पट्ट्यावर रेषा छापलेल्या असतील तर त्या तिन्ही चाकांच्या खुणांवर यायला हव्यात, आणि बाण फिरण्याच्या दिशेने.

पंप बसवण्याआधी ब्लॉकवरचा जुना गास्केट प्लास्टिकच्या खरवडणीने काढा. पंपाबरोबर गास्केट आलं असेल तर त्यावर आणखी सिलिकॉनचा थर देऊ नका. जास्तीचं सिलिकॉन आत सुटून रेडिएटरमध्ये जातं. पंपाचे छोटे बोल्ट ११ न्यूटन मीटरवर, आडवे-तिरपे क्रमाने. ॲल्युमिनियममध्ये हे बोल्ट हाताच्या अंदाजाने आवळले की आटे जातात.

टेन्शनर हा सगळ्यात चुकीचा बसणारा भाग. त्याच्या मागच्या पत्र्याला एक कान असतो, तो हेडमधल्या खाचेत बसायला हवा. कान बाहेर राहिला तरी बोल्ट आवळला जातो आणि ताण दाखवणारा काटाही हलतो, त्यामुळे फसायला होतं. मग ६ मिमी ॲलन कीने घड्याळाच्या उलट दिशेने फिरवून काटा टेन्शनरवरच्या खिडकीच्या (काट्याची जागा दाखवणाऱ्या खाचेच्या) पलीकडे न्यायचा, बोल्ट २७ न्यूटन मीटरवर आवळायचा, क्रँक पुली तात्पुरती बसवायची, पिना काढायच्या आणि क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. पुन्हा पिना घालून बघायच्या. दोन्ही बोटाने बसल्या तर दात बरोबर आहेत. मग ॲलन कीने रोलर धरून बोल्ट जेमतेम एक फेरा सैल करायचा, काटा घड्याळाच्या दिशेने खिडकीच्या मधोमध आणायचा आणि पुन्हा २७ वर आवळायचं. हा दुसरा टप्पा अर्ध्या गॅरेजमध्ये होतच नाही. त्याशिवाय पट्टा जरुरीपेक्षा ताणलेला राहतो आणि गाडी सुरू झाल्यावर बारीक शिट्टीसारखा आवाज येतो. हे सगळं थंड इंजिनावर. गरम इंजिनाचं हेड फुगलेलं असतं, त्यावर केलेला ताण थंड झाल्यावर सैल पडतो.

एम-१४ क्रँक बोल्ट १२० न्यूटन मीटर आणि त्यानंतर ९५ अंश. एम-१२ असेल तर त्याचा आकडा वेगळा आहे, तो त्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधूनच घ्या. बोल्टखालच्या आणि दात्याच्या चाकाच्या टेकणाऱ्या जागा तेल-ग्रीस पुसून कोरड्या करा. इम्पॅक्ट गनने हा बोल्ट काढायला हरकत नाही, आवळायला मात्र कधीही नाही.

किल्ली लावण्याआधी दोन्ही पिना बाहेर टेबलावर मोजून घ्या आणि ब्लॉकचा प्लग परत बसलाय का बघा. पिन आत राहून स्टार्टर मारला तर पुढचं सांगायला नको. सुरू झाल्यावर हीटर पूर्ण गरम करून ठेवा, कूलंटमध्ये अडकलेली हवा सुटली नाही तर हीटरमधून गार हवा येते. तसं झालं तर गाडी रस्त्यावर नेऊ नका. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर कूलंटची पातळी बघा, थोडी उतरलेली असते.

जॉब कार्डवर काय लिहून घ्यायचं

किटचा पार्ट नंबर, पंपाचा नंबर, नवा क्रँक बोल्ट, रिब्ड बेल्ट आणि त्याचा टेन्शनर, कूलंटचा प्रकार, आणि मीटरचे किलोमीटर. जुना पट्टा, रोलर आणि पंप परत मागा. पट्ट्यावरचं नाव मूळ कंपनीचं निघालं तर तो कारखान्यातून आलेलाच असण्याची शक्यता मोठी, आणि मग आधीच्या मालकाच्या बाकीच्या दाव्यांकडेही त्याच नजरेने बघा. नवीन पट्ट्याची पुढची तारीख मॅन्युअलपेक्षा थोडी अलीकडे धरा. शहरातली ट्रॅफिकची गाडी कमी किलोमीटरमध्ये जास्त तास चालते, आणि धूळ-चिखलाच्या रस्त्यावर कव्हरमध्ये घाण शिरते. सहा वर्षं किंवा ८० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, अशी मर्यादा आमची शिफारस आहे. मॅन्युअलमध्ये याहून कमी दिलं असेल तर तीच पाळा.

पेट्रोल डस्टरवाल्यांनी हे किट घेऊ नये. सुरुवातीच्या १.६ पेट्रोलला पट्टा आहे, पण इंजिन के-फोर-एम, पट्टा वेगळा, लॉकिंग वेगळं, आणि त्यात क्रँकच्या चाकाला चावीच (चाक दांड्यावर ठरल्या जागी अडकवणारा छोटा तुकडा) नाही, त्यामुळे ते काम याहून नाजूक. नंतरच्या १.५ पेट्रोल आणि १.३ टर्बो इंजिनात चेन आहे. तिथे टायमिंग बेल्ट बदलायचं कोटेशन कुणी हातात ठेवलं तर दुसरं गॅरेज शोधा.